डब्याची मागची भिंत

वडीगोद्रीच्या फाट्यावर भागवतच्या खताच्या दुकानावर जो फ्लेक्स लागला होता, त्यातला वंदनाचा फोटो तिच्या लग्नातला होता. कापून घेतलेला, त्यामुळे खांद्याशी दुसऱ्या कुणाचा तरी फेटा अर्धवट दिसत होता. मजकूर होता, ‘अणूच्या पोटातील रहस्य उलगडणारी वडीगोद्रीची कन्या’. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते आणि ते तिच्या फोटोपेक्षा मोठे होते. भागवत हा तिचा धाकटा भाऊ. ताईने नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, की तो सांगे, अमेरिकेतल्या मशीनीचा हिशोब आमच्या ताईनं जमवला. हे फारसं चुकीचं नव्हतं.

जालन्यातही सत्कार झाला. ती शिकवते त्या महाविद्यालयात प्राचार्यांनी शाल आणि नारळ दिला, एका स्थानिक दैनिकात छोटी बातमी आली, आणि मस्तगडच्या गल्लीत खालच्या मजल्यावरच्या कौसल्याबाईंनी, आता तरी वर पाणी चढवायला मोटार घ्या म्हणून वंदनाच्या सासूला टोमणा मारून घेतला.

वंदना तौर, वय एकोणचाळीस. तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये ती संपते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच खोलीत आणि बहुतेक त्याच माणसांसमोर. लग्न करून मस्तगडला आली तेव्हापासून हे चाललं आहे. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता मुलाखतीच्या बाकावर तिच्या शेजारी बसतात आणि उठून जागा देतात. कायम प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा तिने अनेकदा दिली, दर वेळी थोडक्यात हुकली. उरला मार्ग पीएच.डी.चा. यंदा महाविद्यालयाला भौतिकशास्त्राची एक कायम जागा भरायची परवानगी मिळाली होती, आणि नेमकी प्रबंधासाठी तिला मिळालेली शेवटची मुदतवाढ ऑगस्टअखेरीस संपत होती. प्रबंध वेळेत गेला तर हिवाळ्यापर्यंत पदवी आणि मग मुलाखत. नाही गेला तर नोंदणी रद्द. अशी दुसरी जागा कधी निघेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. निघेल तेव्हा ती अर्ज करायच्या वयात असण्याची शक्यता कमी होती.

तिचा विषय ड्यूटेरॉन. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एकमेकांना धरून राहतात तो ड्यूटेरॉन. एकाहून जास्त कण असलेला सगळ्यात साधा अणुगर्भ. सासूने, नंदाबाईंनी, एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं, की त्या दोघांत प्रेम हाय का भांडण.

“लांब असले की ओढ असते, आत्याबाई,” वंदना म्हणाली होती. “लय जवळ आले की ढकलाढकली.”

“मंग त्याला अमेरिकेला कशाला जावं लागतं? आपल्या सैपाकघरात बसून बघ की.”

हे ऐकून भारत, वंदनाचा नवरा, जेवता जेवता ठसकला होता. तो एका बियाणे कंपनीत उगवण चाचणीच्या विभागात काम करतो आणि घरात फार बोलत नाही.

अमेरिकेला ती गेली नव्हतीच. प्रयोग तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी होऊन गेला होता. तिथे अतिशय वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत एका ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यावर सोडला जातो. डब्यात अतिथंड, द्रवरूप ड्यूटेरियम असतं, म्हणजे ज्याचा अणुगर्भ ड्यूटेरॉन असतो असा जड हायड्रोजन. एखादा इलेक्ट्रॉन ड्यूटेरॉनला धडकतो, प्रोटॉन बाहेर उडतो. उडालेला प्रोटॉन आणि वळलेला इलेक्ट्रॉन असे दोघे दोन बाजूंच्या यंत्रांत पकडले जातात. न्यूट्रॉन दिसत नाही, पण या दोघांच्या हिशोबातून तो किती वेग घेऊन गेला ते निघतं. त्या वेगावरून, धडक बसण्याच्या क्षणी ते दोघे आत कसे होते याचा अंदाज बांधतात. बहुतेक वेळा ते सैल, एकमेकांपासून अंतर राखून असतात. फार क्वचित इतके जवळ आलेले असतात, की जवळजवळ एकमेकांत घुसलेले. तेव्हा न्यूट्रॉनचा वेग फार मोठा निघतो. त्या अवस्थेबद्दल सिद्धान्तवाल्यांची चार मतं आहेत आणि कागदावर त्यांच्या चार रेषा. खरी रेषा कोणती हे ठरवायला लागणाऱ्या धडका, ज्यांना या क्षेत्रात ‘घटना’ म्हणतात, अनेक आठवडे झोत चालवून मूठभरच मिळतात.

ती मूठभर वंदनाच्या वाट्याला आली होती. तिचे मार्गदर्शक मुकुंदसर यांचा एक जुना विद्यार्थी पार्थ त्या प्रयोगशाळेत काम करतो. तोही जालन्याचाच. वेगवेगळ्या देशांतले लोक त्या नोंदींचे तुकडे वाटून घेऊन तपासत होते. सगळ्यात टोकाचा तुकडा, सर्वांत कमी घटनांचा, पार्थने तिला मिळवून दिला. काम घरून, इंटरनेटवरून करायचं. कॉलेज सुटल्यावर, स्वयंपाकाच्या आधी, इन्व्हर्टर टिकेल तोवर.

या कामाची एक शिस्त आहे. जो तपासतो त्याला खरा आकडा दाखवत नाहीत. सगळ्या निष्कर्षांना एका गुप्त संख्येने गुणून ठेवतात. ती संख्या एकाच माणसाला माहीत असते. कारण सरळ आहे. उत्तर अपेक्षेसारखं आलं, की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून आधी सगळे नियम ठरवायचे, कुठली घटना घ्यायची आणि कुठली टाकायची हे गोठवायचं, मग सगळ्यांसमोर ती संख्या काढून टाकायची. याला ते पेटी उघडणं म्हणतात. पेटी उघडल्यावर काही बदलायचं नाही.

वंदनाची पेटी उन्हाळ्यात उघडली. गुप्त संख्या पार्थकडे होती. त्याने ती टाकली आणि पडद्यावर तिचा शेवटचा बिंदू चारपैकी एका रेषेवर जाऊन बसला, असा की वेगळा काढून दाखवावा लागला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फ्लेक्स त्यानंतर लागला.

मग ऑगस्टातला तो रविवार. प्रबंधात एक आकृती कमी आहे, परीक्षकाला डबा दिसला पाहिजे, असं मुकुंदसरांनी सांगितलं होतं. वंदनाने दुपारी डब्याची मापात आकृती काढायला घेतली. झोत येतो ती पुढची भिंत, बाहेर पडतो ती मागची, थोडी जाड. थंड केल्यावर डबा काही मिलिमीटर झोताच्या उगमाकडे सरकला होता, हे सर्वेक्षणाच्या अहवालात होतं. ते तिने पूर्वीच हिशोबात धरलं होतं. भिंतींतल्या ॲल्युमिनियमवरही इलेक्ट्रॉन धडकतात आणि तिथून उडालेले प्रोटॉन अगदी ड्यूटेरॉनमधल्या वेगवान प्रोटॉनसारखे दिसतात. म्हणून दोन्ही भिंतींपासून दूर राहून फक्त मधल्या द्रवातल्या घटना घ्यायच्या, असा नियम होता. तोही तिनेच लावला होता.

आकृतीखाली तिने कुठून किती घटना आल्या त्याचा आलेख ठेवायचं ठरवलं. पूर्वीचा आलेख जाड खणांचा होता, म्हणजे डब्याची लांबी मोजक्याच तुकड्यांत वाटलेला. छान दिसावा म्हणून तिने खण बारीक केले.

आलेखाच्या कडा डब्याच्या भिंतींशी जुळेनात.

तिने आकृती सरकवून पाहिली. मग फरक मोजला. डबा जितका सरकला होता, त्याच्या बरोबर दुप्पट. या कामातल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. फरक दुपटीने येतो तेव्हा चूक मापाची नसते, चिन्हाची असते. डबा एका दिशेला सरकला होता आणि तिने दुरुस्ती उलट्या दिशेला केली होती. डावीकडच्या यंत्राचा आणि उजवीकडच्या यंत्राचा अक्ष एकमेकांच्या उलट असतो. तिने चिन्ह उजवीकडच्या जुन्या फाइलवरून उचललं होतं; तिचं यंत्र डावीकडचं होतं. तिचा ‘मधला भाग’ मागच्या भिंतीवर जाऊन टेकला होता.

नंदाबाईंनी चहा ठेवायला हाक मारली. तिने चहा ठेवला, दूध उतू गेलं, ओटा पुसला आणि पुन्हा येऊन बसली.

त्यानंतरच्या संध्याकाळी तिने स्वतःला खोटं पाडण्यात घालवल्या. अहवालाची चूक असेल. आलेखाची असेल. डबा दोनदा सरकला असेल. ती एकेक शक्यता उघडून बघे आणि प्रत्येक वेळी तिथेच परत येई. शेवटी तिने चिन्ह बदलून सगळा हिशोब पुन्हा चालवला. कमी वेगाच्या बिंदूंना काही झालं नाही. तिथे द्रवातल्या घटना इतक्या होत्या, की भिंतीतल्या पाचपन्नास कुठे हरवल्या ते कळलंही नाही. शेवटच्या बिंदूत एकेचाळीस घटना होत्या. त्यातल्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या निघाल्या. उरल्या त्या, वेगवेगळ्या धडकांतल्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या चुकून जुळलेल्या जोड्या वजा केल्यावर, शून्यापासून वेगळ्या म्हणता येत नव्हत्या. रेषेवर जाऊन बसलेला बिंदू मुळात नव्हताच. आणि तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण, ज्याच्यावर सगळा प्रबंध उभा होता, त्या एका बिंदूचं होतं.

ती बस धरून संभाजीनगरला मुकुंदसरांकडे गेली. सर निवृत्त झाले आहेत. ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांच्या पत्नी सुहासिनीताईंनी उपमा पुढे ठेवला. सरांनी लॅपटॉपवरची आकृती पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. चूक नाही असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे. कुणालाच नाही, ती म्हणाली.

“मग नीट ऐक,” सर म्हणाले. “मंजूर झालेला आकडा तुझ्याकडे आहे. तो सगळ्यांनी तपासून मंजूर केलाय, तू एकटीने नाही. प्रबंध तुझा आहे, पेटी त्यांची. प्रबंध दे. पुढच्या महिन्यात त्यांना सांग. शुद्धिपत्रक निघतं, जगात रोज निघतात.”

“पण मला तर आत्ताच कळलंय, सर.”

“चूक कधी कळली, हे तू सांगशील तेव्हा ठरतं.”

हे ते वाईट हेतूने बोलले नव्हते. तिच्यासाठी मुदतवाढीचे अर्ज त्यांनीच विद्यापीठात हातात धरून फिरवले होते. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि सुहासिनीताईंना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, की तुझ्यासारख्या तीन जणी मी मुदतीत बुडताना पाहिल्या आहेत, चौथी नको.

परतीच्या बसमध्ये तिला सरांचं पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. घरी आल्यावर तिने भारतला सगळं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

“त्या आकड्यानं कोणी मरणार हाय का?”

“न्हाई.”

“पूल पडणार, गोळी चुकीची बनणार, असं काही?”

“बिलकुल न्हाई. जगात शंभर माणसं वाचतील तो पेपर.”

“मंग महिनाभर गप बस,” भारत म्हणाला. “मी काय लबाडी कर म्हणून न्हाई राह्यलो. नुसतं गप बस. एवढी वर्षं तू गप बसूनच जूनमधी मुलाखती दिल्या ना?”

कोणाचंही नुकसान होणार नाही, ही गोष्ट तिला सोपी वाटायला हवी होती. ती उलट जड होत गेली. नुकसान होणार असतं तर निर्णय आपोआप झाला असता.

तिने प्रबंध छापायला टाकला. जुना बिंदू, जुनं पाचवं प्रकरण. डब्याची आकृती घातली, खालचा आलेख जाड खणांचाच ठेवला. बाइंडिंगवाल्याने मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव उमटवलं आणि प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. नंदाबाईंनी त्या देवासमोर ठेवल्या, हळदकुंकू लावलं. वंदना बघत उभी राहिली. तिला काही वाटत नव्हतं, किंवा जे वाटत होतं त्याकडे तिने पाठ केली होती. वर्गात ती त्या आठवड्यात फळ्याकडे तोंड करून जास्त बोलली, असं तिच्या विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं. झोप येत नव्हती. जेवताना ताटाकडे बघत बसायची. नंदाबाईंनी दोनदा नजर काढली आणि तिसऱ्यांदा भारतला विचारलं, की हिला कोणी काही बोललं का.

विद्यापीठात जायच्या आदल्या संध्याकाळी पार्थचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तो खुशीत होता. तिच्या बिंदूच्या पुढे, आणखी जास्त वेगापर्यंत मोजायचं, असा एका नव्या प्रयोगाचा प्रस्ताव त्याने लिहिला होता. यंत्राचा वेळ मागायचा होता. त्याची तिथली नोकरी या प्रस्तावावर पुढे सरकणार होती. पहिल्याच पानावर तिचा बिंदू होता.

“ताई, एक छोटं काम होतं,” तो म्हणाला. “डब्यातल्या जागेचा आलेख आहे ना तुझा, तो जरा बारीक खणांचा करून पाठवतेस का? समितीतला एक म्हातारा भिंतींवरून फार छळतो. त्याच्या तोंडावर फेकायला बरा.”

वंदना गच्चीच्या दाराशी उभी होती. खाली गल्लीत टँकर मागे घेत होते आणि कोणीतरी ओरडत होतं, आन दे, आन दे. गप्प राहणं तिने ठरवलं होतं आणि ते जमतही होतं. पण आता तिला चित्र काढायचं होतं. बारीक खणांचं खरं चित्र पाठवलं तर पार्थला अर्ध्या मिनिटात दिसलं असतं. दुसरं चित्र पाठवायचं तर ते हाताने बनवावं लागलं असतं, कडा सरकवून, बसून. तिने क्षणभर त्याचाही विचार केला. कुठल्या ओळीत काय बदलायचं तेही तिला सुचलं. ते इतकं चटकन सुचलं, याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

“पार्थ,” ती म्हणाली, “माझं चिन्ह उलटं हाय.”

“कसलं?”

“डबा सरकल्याचं. उजव्या यंत्राचं लागलंय. मागची भिंत आत आली.”

पार्थने विचारलं, फरक दुप्पट येतोय का. बरोबर दुप्पट, ती म्हणाली. तो हळूच शिवी देऊन लगेच सॉरी म्हणाला. कधी कळलं हे त्याने विचारलं. इथे ती खोटं बोलू शकली असती आणि कोणालाही कधीच कळलं नसतं. तिने रविवारची तारीख सांगितली.

“म्हणजे तू हे घेऊन इतके दिवस…” पार्थने वाक्य सोडून दिलं. “ताई, प्रबंध दिलास?”

“उद्या द्यायचाय.”

“देता येणार नाही. हे मला कळल्यावर नाही.”

तो पुढे जे बोलला ते नियमाचं होतं. पेटी उघडल्यावर चूक सापडली तर ती सगळ्यांसमोर मांडायची. आधीचा आकडा आणि नंतरचा, दोन्ही दाखवायचे. दुसऱ्या कोणीतरी पहिल्यापासून पुन्हा तपासायचं. मग पुन्हा मंजुरी. तोवर त्या नोंदींवरचा एकही आकडा कुठल्याही प्रबंधात जाऊ शकत नाही. किती दिवस, तिने विचारलं. तो म्हणाला, लवकरात लवकर दिवाळीनंतर. मग त्याने विचारलं, की तुझी मुदत. ती म्हणाली, की हा महिना.

“मी नसता फोन केला तर बरं झालं असतं,” पार्थ शेवटी म्हणाला. कुणासाठी ते त्याने सांगितलं नाही.

बैठक दोन दिवसांनी, इथल्या संध्याकाळी होती. त्याच वेळी नळ आला. जालन्यात नळ आला की घरातलं सगळं थांबतं. भारत आणि नंदाबाई टाक्या, हंडे, पातेली भरत होते आणि मधल्या खोलीत वंदना लॅपटॉपपुढे बसून वेगवेगळ्या देशांतल्या वीसेक माणसांना आपली चूक इंग्रजीत समजावून सांगत होती. तिने चार चित्रं दाखवली. डबा. जाड खणांचा आलेख. बारीक खणांचा. आणि शेवटी बिंदू, आधीचा आणि नंतरचा. कोणी रागावलं नाही. तिचे नियम ज्यांनी तपासले होते त्यांच्यातला एक जण म्हणाला, की आम्हीही तिच्याच फाइलमधून पाहिलं, आमच्याही नजरेतून सुटलं. भिंतींवरून छळणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, मागची भिंत किती जाड धरली. तिने सांगितलं. त्याने मान हलवली आणि काही लिहून घेतलं. एका बाईने तिचे आभार मानले. पार्थने त्याचा प्रस्ताव या फेरीतून मागे घेत असल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि कॅमेरा बंद केला. फेरतपासणी दुसऱ्या विद्यापीठातल्या मुलीकडे गेली. बैठक पुढच्या विषयाकडे वळली. बाहेर नंदाबाई विचारत होत्या, की पिंप भरलं का, का आणखी लावू.

मुकुंदसरांना तिने फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे. थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते ओरडले. तिने सहा वर्षं घालवली, त्यांची सहा वर्षं घालवली, एका महिन्याचा धीर तिला धरता आला नाही. ती ऐकत राहिली. तिलाही तसंच वाटत होतं. का सांगितलं, याचं धड उत्तर तिला तेव्हाही देता आलं नाही आणि पुढे महाविद्यालयात विचारलं तेव्हाही नाही. आपण मोठं काही केलं असं तिला एकदाही वाटलं नाही. एक चित्र काढता आलं नाही, एवढंच झालं होतं.

महिना संपला. नोंदणी रद्द झाली. नव्याने नोंदणी करता येते. त्यासाठी प्रवेश परीक्षेपासून सुरुवात. कायम जागेच्या मुलाखती ठरल्या वेळी झाल्या आणि बीडकडचा एक मुलगा लागला. हुशार आहे, असं ती सांगते. त्याच्यासोबत ती प्रात्यक्षिकं घेते.

फेरतपासणीत तिचा दुसरा हिशोब बरोबर ठरला. पेपरचा कच्चा खर्डा आला त्या रविवारी तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडला. शेवटच्या जागी आता बिंदू नव्हता. तिथे एक छोटी आडवी रेघ होती आणि तिच्यापासून खाली गेलेला बाण. लेखकांच्या लांब यादीत तिचं नाव होतं, त्याखाली महाविद्यालयाचं आणि जालन्याचं. भारत मागे येऊन उभा राहिला. त्याने बाणावर बोट ठेवलं.

“हे काय हाय?”

“पहिले तिथं माझा आकडा होता.”

“आणि आता?”

“आता एवढंच सांगता येतं, की याच्या वर काही न्हाई,” वंदना म्हणाली. “खाली कुठवर, ते माहीत न्हाई.”

भारतने अजून थोडा वेळ बघितलं. मग त्याने विचारलं, की जूनचा अर्ज कधी निघतो. ती म्हणाली, मे संपता संपता.